फांदी आणि सही

मांगरच्या बनीत कुणी वाळकी काटकीसुद्धा मोडत नाही. चुलीला लाकूड कमी पडलं तरी नाही, शेळी उपाशी ओरडत असली तरी नाही. आणि याच मांगर गावातल्या कित्येक कुटुंबांनी या बनीच्या जमिनीतला आपला हिस्सा कागदावर विकून टाकलेला आहे. घेणारे बाहेरचे, पैसेवाले; त्यांतल्या अनेकांनी ही जागा डोळ्यांनी पाहिलेली नसेल. फांदीला न शिवणारा हात आणि खरेदीखतावर सही करणारा हात एकाच माणसाचा. ऐकणारा पटकन म्हणतो, ढोंग. मला तसं वाटत नाही. पण मग ते काय आहे, हे सांगायला मला बरंच फिरून यावं लागणार आहे.

मांगर फरिदाबाद जिल्ह्यात येतं, पण जवळचं शहर म्हणाल तर गुरुग्राम. दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की अरवलीच्या उतरत्या टेकड्यांत हे गुर्जरांचं गाव आहे, आणि गावाला लागून असलेल्या खोलगट दरीत बनी. मी गुरुग्रामला राहते, भाषांतरं करते. अरवलीवरचा एक हिंदी मजकूर मराठीत आणताना 'बनी' या शब्दापाशी अडले, म्हणून प्रथम तिथे गेले आणि मग जातच राहिले. 'देवराई' लिहून मोकळं होता आलं असतं. राजस्थानात यालाच 'ओरण' म्हणतात, कोकणात 'देवरहाटी'ही म्हणतात. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे आणि तो वापरला की फरक पुसले जातात. मला ते फरकच हवे होते.

बनी ओळखायला कुणी दाखवावी लागत नाही. आजूबाजूच्या टेकड्यांवर विलायती कीकर माजलेला आहे, म्हणजे आपली वेडी बाभूळ. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या कड्यावर ती लावली आणि ती तिथून हटायला तयार नाही. बनीत मात्र धौ आहे, दरीच्या दोन्ही उतारांवर दाट. काही जण त्याला धोक म्हणतात. आपल्या सह्याद्रीतल्या धावड्याचा हा सख्खा भाऊ. ज्या धावड्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवांत घालतो, त्याचाच. बारीक पानं, लोंबत्या फांद्या, पावसाळ्यात हिरवागार आणि थंडीत तांब्याच्या रंगाचा. सोबतीला सालई, पळस, हिवर. क्वचित बिबट्याच्या पावलांचे ठसे.

धौ या झाडाची एक खोड आहे. गुरं त्याला सतत ओरबाडत राहिली तर ते मरत नाही, पण उभंही राहत नाही. जमिनीलगत पसरतं, चटईसारखं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. चराई थांबली की तेच खोड हळूहळू वर निघतं. त्यामुळे बनीच्या हद्दीवर एक विलक्षण दृश्य दिसतं: अलीकडे गुडघाभर उंचीची झुडपं आणि पलीकडे त्याच जातीचे, डोक्यावरून जाणारे वृक्ष. मध्ये कुंपण नाही. पावसाचा, मातीचा फरक थोडाफार असेल. पण मुख्य फरक माणसाच्या हाताचा आहे, किंवा हात न लावण्याचा. नीतीबद्दल मी बरंच वाचलेलं आहे, पण 'करू नये' हे दोन शब्द जमिनीवर एवढे स्पष्ट उमटलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

हे 'करू नये' गुदडिया दास बाबाचं. बाबा इथल्या गुहेत राहत होता आणि एके दिवशी तिथेच दिसेनासा झाला, असं सांगतात. बनी त्याची. मांगरच्या बरोबर बंधवाडी आणि बलियावास या गावांतही त्याला मानतात. जो फांदी तोडेल, जनावर घालेल, त्याच्या घरावर अरिष्ट येतं. अमक्याच्या शेळ्या मेल्या, तमक्याच्या घराला आग लागली, अशा हकिकती प्रत्येकाकडे आहेत, आणि त्या नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांच्या आहेत. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, माझ्या मराठी कानाला त्यात गोधडी ऐकू येते: गुदडी पांघरलेला कुणी फाटका जोगी, आणि त्याच्या धाकाने राखलेलं सुमारे पावणेसातशे एकरांचं रान.

हा धाक फुकट पडत नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. गुर्जरांची मिळकत म्हणजे म्हशी, गाई, शेळ्या. घरात काय शिजतं हे दावणीला किती जनावरं आहेत त्यावर ठरत आलेलं. थंडीत बाजरीची भाकरी, तूप-गूळ, मोहरीचा पाला किंवा बथुआ. उन्हाळ्यात ताक आणि राबडी. (ही आपली साखर घातलेली रबडी नव्हे. बाजरीचं पीठ ताकात कालवून, आंबवून, मग शिजवतात. म्हणजे जवळजवळ आपली आंबील. 'राबडी'ला 'आंबील' लिहावं की नाही यावर मी एक अख्खी दुपार घालवली.) डोंगरातल्या कैरच्या झुडपांची फळं खारवून त्यांचं लोणचं घालतात. ही कैर बनीबाहेरची, हे वेगळं सांगायला नको. या सगळ्या जेवणात बनीतून आलेलं काहीही नाही. वैशाखात गवताची काडी उरत नाही तेव्हा गुरं लांब न्यायची. सरपणाला बायकांनी बनीला वळसा घालून पलीकडच्या टेकडीवर जायचं. रोज, डोक्यावर भारा घेऊन. पर्यावरणावरच्या लेखांत 'गावकऱ्यांची श्रद्धा' असा शब्दप्रयोग येतो तेव्हा तो हवेत तरंगत असतो. इथे तो बायकांच्या मानेवर होता आणि म्हशीच्या दुधात उणा होत होता.

आता कागद.

महसुली दप्तरात अरवलीच्या या टेकड्यांची नोंद 'गैर मुमकिन पहाड' अशी आहे. शब्दशः भाषांतर केलं तर 'अशक्य डोंगर'. मला हा शब्द फार आवडला होता, एखाद्या कवितेतला वाटावा असा. पण त्याचा अर्थ रुक्ष आहे. जिथे पीक निघणं शक्य नाही आणि म्हणून ज्यातून सारा मिळत नाही, ती जमीन. आपल्या सात-बारावर यासाठी 'पोटखराबा' आहे. मराठी कारकुनाने फारसी कारकुनाइतकी काव्यमयता दाखवलेली नाही, पण दृष्टी तीच. जंगल हे कागदाच्या नजरेत 'काही नसणं' असतं. उभ्या झाडांना तिथे रकाना नाही.

अशी जमीन पूर्वी शामलात होती, म्हणजे गावाची सामायिक. १९६१ च्या पंजाबच्या कायद्याने ती पंचायतीकडे जायला हवी होती; हरयाणा तेव्हा पंजाबातच होतं. पण अरवलीतल्या काही गावांत ती हिस्सेदारांच्या नावांवर चढली आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत तिची वाटणी झाली. मांगर त्यांतलंच. ज्या दरीला कधी कुणी मोजलं नव्हतं तिचे कागदावर तुकडे पडले, तुकड्यांना क्रमांक पडले, आणि क्रमांक पडल्याबरोबर दलाल आले. शेजारी गुरुग्राम वाढत होतं. ज्या दगडांतून पिढ्यान्पिढ्या दमडी आली नव्हती त्यांच्यासाठी कुणीतरी रोख पैसे देत होतं. लोकांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. त्या पैशात मुलींची लग्नं झाली, पक्की घरं झाली. त्या वेळचा भाव आज ऐकला तर विकणाऱ्याचीच दया येते.

गावातल्या एका वयस्क माणसाला मी हे विचारलं. मी त्यांना ताऊ म्हणते, तसे ते गावात सगळ्यांचेच ताऊ. विचारताना मला संकोच वाटत होता, कारण प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो: ताऊ, हिस्सा विकताना बाबाला विचारलं होतंत का? त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. त्यात बाबाला काय विचारायचं, बेटी? झाड थोडंच तोडलं?

त्या उत्तरात सारवासारव नव्हती. बाबाची आज्ञा काय आहे? तोडू नको, चारू नको. ती आज्ञा कुऱ्हाडीला आहे, कोयत्याला आहे, शेळीच्या दाव्याला आहे. हाताने करता येण्यासारख्या ज्या ज्या गोष्टींनी रानाचा नाश होऊ शकतो, त्या सगळ्या तिने बरोबर हेरल्या आणि बंद केल्या. फक्त एक गोष्ट तिला सुचली नाही, कारण आज्ञा घडली तेव्हा ती गोष्ट जगातच नव्हती: तालुक्याच्या कचेरीत बसून, झाडापासून दहा कोस लांब, एका कागदावर नाव लिहिल्याने जंगल जाऊ शकतं. सही करताना फांदी मोडल्याचा आवाज येत नाही. ताऊंच्या मनात चोर नव्हता, कारण त्यांच्या नीतीत ज्याला कृत्य म्हणतात तसं काही त्यांच्या हातून घडलंच नव्हतं.

प्रत्येक नीतीला अशी एक हद्द असते असं मला वाटू लागलं आहे. कोणती कृत्यं ही कृत्यं आहेत, याची एक यादी तिच्या पोटात असते. यादीतल्या कृत्यांबाबत माणसं प्राणपणाने सच्ची राहतात. मारवाडात खेजडलीला १७३० साली ३६३ बिष्णोईंनी झाडांसाठी जीव दिला तेव्हा समोर कुऱ्हाडी होत्या. कुऱ्हाडीपुढे उभं राहता येतं. खरेदीखतापुढे नेमकं कुठे उभं राहायचं?

आपल्याकडच्या देवरायांची गोष्ट थोडी निराळी आहे आणि मला वाटतं जास्त अवघड आहे. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया फिरून नोंदवल्या, तेव्हापासून शिकलेल्या मराठी माणसाला त्यांचा अभिमान वाटू लागला. त्याआधी ती खेड्यातली अंधश्रद्धा होती. पण देवराईच्या कायद्यात एक सोय आहे जी बनीच्या कायद्यात मला आढळली नाही: कौल. देवाच्या अंगावर तांदूळ किंवा पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देऊळ शाकारायला वासे हवेत, पूल वाहून गेलाय, परवानगी आहे का? म्हणजे देवराईची आज्ञा आंधळी नव्हती. तिला अपवाद कळत होते आणि ते ठरवण्याची रीत होती. शहाणपणाची गोष्ट. मग ठेकेदार आले, कोळसेवाले आले, आणि प्रश्न असा विचारला जाऊ लागला की देवा, तुझी झाडं विकून तुलाच सिमेंटचं मोठं मंदिर बांधतो, चालेल का? कित्येक ठिकाणी कौल उजवा पडला. उघड्यावर, वेलींच्या सावलीत बसणाऱ्या देवाच्या डोक्यावर स्लॅब आला, फरशी आली, आणि राई गेली. देवाला विचारून गेली.

तेव्हा ज्या आज्ञेत विचारण्याला जागा होती ती विचारण्यातून फुटली, आणि जिच्यात नव्हती ती न विचारण्यातून. दोन्हीत जास्त नुकसान कशाने झालं याचा हिशेब मी मांडणार नाही. मला एवढंच दिसतं, की मांगरची बनी कागदावर गेली तरी जमिनीवर उभी आहे. काही देवराया कागदावर आजही देवराया आहेत आणि तिथे चार झाडं उरलेली नाहीत.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला कांट शिकवला होता. भीतीपोटी केलेलं सत्कृत्य हे नैतिक नव्हेच. कर्तव्य म्हणून केलं तरच त्याला मोल. या कसोटीला लावलं तर मांगरच्या गुर्जरांना शून्य गुण मिळतात: शेळ्या मरतील म्हणून ते फांदी तोडत नाहीत. विशीत मला हे पटलं होतं. आता प्रश्न असा पडतो, की या कसोटीत पूर्ण गुण मिळवणाऱ्या आम्हा शहरी माणसांचं रान कुठे आहे? गुरुग्राममध्ये बनीवर प्रेम करणारी पुष्कळ माणसं आहेत, मीही त्यांतली एक. आम्ही रविवारी पाणी, दुर्बिणी आणि पक्ष्यांची पुस्तकं घेऊन जातो. बाबाला आम्ही मानत नाही, पण गावाने बाबाला मानत राहावं अशी आमची मनापासून इच्छा असते. म्हणजे भीती त्यांची आणि हवा आमची. दुसऱ्याच्या श्रद्धेवर असं जगणं मला टोचतं. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही ती त्यांच्या मुलांनी खरी मानावी, कारण ती माझ्या फुफ्फुसांच्या सोयीची आहे, असं म्हणणं हा उद्धटपणा आहे. आणि उलट टोकाचं, मुलांना शिकवा, बाबा-बिबा काही नसतं, हे म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही, कारण बाबाच्या जागी बसवायला माझ्याकडे काही नाही.

ताऊंच्या घरच्या काकींनी हे माझ्यापेक्षा सरळ विचारलं. ताकाचा पेला हातात देता देता त्या म्हणाल्या, तुमच्या शहरात अशी कुठली जागा आहे का, जिला कुणी हात लावत नाही? मी विचारात पडले. आमच्या सोसायटीत हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी आहे, पण तिथे कॅमेरा आहे आणि दंड आहे. देवघर? तेही दिवाळीत नवं, मोठं घेतात. मी काहीतरी पुटपुटले. त्यांना उत्तर नकोच असावं. त्या भांडी आवरायला गेल्या.

परतताना मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. मूळ मजकुरातलं एखादं वाक्य मी गाळलं तर बहुतेकदा कुणालाही कळणार नाही. मराठी वाचकाने मूळ पाहिलेलं नसतं, लेखकाला मराठी येत नसतं, संपादकाला वेळ नसतो. तरी गाळत नाही. त्यामागे भीती म्हणावी तर कशाची? कर्तव्य हा फार मोठा शब्द झाला. तिथे हात जात नाही, एवढंच. काकींना हे सांगितलं असतं तर त्यांना ते कितपत भरीव वाटलं असतं, कोण जाणे. शिवाय माझी ही निष्ठा वाक्यांपुरती आहे. माझ्या फ्लॅटच्या खरेदीखतात कुठल्याशा शेतांचे खसरा क्रमांक आहेत. ती कोणाची होती, तिथे काय पिकत होतं, हे आमच्या इमारतीत एकालाही ठाऊक नाही आणि ते ठाऊक असावं अशी कुणाची अपेक्षाही नाही. तो कागद आम्ही सगळ्यांनी कपाटात जपून ठेवला आहे. ताऊंनी सही केली तेव्हा दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी सही केली होती. ढोंगाचा आरोप करायचाच तर त्या बाजूवर तो कुणी करत नाही, हे मला चमत्कारिक वाटतं.

दरम्यान बाबाच्या मदतीला कोर्ट आलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फरिदाबाद आणि गुरुग्रामच्या अरवलीतल्या खाणी बंद केल्या. २०११ मध्ये गावांच्या सामायिक जमिनी बळकावण्याविरुद्ध त्याच न्यायालयाने कडक निकाल दिला. २०१६ मध्ये हरयाणा सरकारने बनी आणि तिच्याभोवतीचा पट्टा बांधकामाला बंद केला. २०२२ मध्ये निकाल आला, की १९०० सालच्या भू-संरक्षण कायद्याखाली विशेष आदेश निघालेल्या जमिनी हे जंगलच आहे. या सगळ्यासाठी गावातली आणि शहरातली काही माणसं वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढली, त्याशिवाय यातलं काही झालं नसतं. पण गंमत अशी की आता सहीला अडवणारी आज्ञा आहे आणि तीही भीतीवरच चालते. अवमानाची भीती, दंडाची भीती. कांट इथेही नापासच करेल. शिवाय या आज्ञेची स्मरणशक्ती बाबापेक्षा कमी आहे: सरकार बदललं, दुरुस्ती विधेयक आलं, की पुन्हा पहिल्यापासून. २०१९ मध्ये तसं झालंच होतं आणि न्यायालयाला पुन्हा हात घालावा लागला. बाबाच्या कायद्यात आजवर दुरुस्ती झालेली नाही.

आणि जे कुणी विकत नाही, तोडत नाही, असंही एक कृत्य या भागात रोज घडतं. बंधवाडीला, म्हणजे बाबाला मानणाऱ्या त्याच गावाच्या हद्दीत, गुरुग्राम आणि फरिदाबादच्या कचऱ्याचा डोंगर उभा आहे. रस्त्यावरून जाताना काचा वर कराव्या लागतात. हा डोंगर कुणी केला? माझ्या घरातून फक्त एक पिशवी जाते.

ताऊंचा नातू तेवीस-चोवीस वर्षांचा आहे. गुरुग्राममध्ये रात्रपाळी करतो. घरात आता एकच म्हैस उरली आहे; पाहुणे आले की दुधाची पिशवी दुकानातून येते, आणि ती आणायला त्यालाच पिटाळतात. हिस्सा आजोबांनी विकला त्यातलं त्याच्या वाट्याला काही आलेलं नाही आणि त्याबद्दल त्याच्या मनात राग आहे. बाबा वगैरे तो मानत नाही, हे त्याने मला पहिल्याच भेटीत, काहीशा ऐटीत सांगितलं होतं. गेल्या मार्गशीर्षात तो मला बनीतून वरच्या कड्याकडे घेऊन गेला. वाटेत हिवराची एक वाळकी, काटेरी फांदी छातीच्या उंचीवर आडवी आली होती. हाताने सहज मोडली असती. तो बोलत होता, त्याच्या पगाराबद्दल, आणि बोलणं न थांबवता तो तिच्याखालून वाकून गेला. पलीकडे जाऊन त्याने मला हात दिला, डोकं जपा म्हणाला.